इंग्लंडमधली कोल्ह्याची शिकार आणि 'गावाचं मत'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या कोल्ह्याच्या शिकारीवर लेख होता, तो माझ्या बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, 'तुझ्याकडचंच आहे बघ' म्हणून. लेखाचा सूर असा की लंडनच्या शहरी लोकांनी खेड्यातल्या लोकांची जुनी परंपरा बंद पाडली, जशी आपल्याकडे बैलगाडा शर्यत बंद पाडली होती तशीच. मी मूळची जुन्नर तालुक्यातली, घरी शर्यतीचे बैल होते, आणि गेली चौदा वर्षं लेस्टरशायरमधे मेल्टन मोब्रेजवळच्या एका खेड्यात राहते, कम्युनिटी नर्स आहे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करायचं, इन्सुलिन द्यायचं, आणि ते करताना गप्पा ऐकायच्या. दोन्हीकडचं बघितलंय म्हणून हे पत्र लिहायला बसले.

पहिलं शब्दाचं सांगते. आपण कोल्हा म्हणतो तो जॅकल, रात्री उसातून कोल्हेकुई करणारा. इथला तो फॉक्स, तांबूस अंगाचा, झुपकेदार शेपटीचा, पाच-सात किलोचा. आपल्याकडे त्याच्या जवळची म्हणजे माळावरची खोकड. मराठीत सगळ्यांना कोल्हाच म्हणतात म्हणून मीही तेच लिहिते, पण लेखासोबतचा फोटो जॅकलचा होता तेवढा बदला.

दुसरी चूक मोठी आहे. लेखात लिहिलंय की इंग्लंडमधे कोल्हा मारायला बंदी आहे. तसं नाहीये. बंदी आहे ती कुत्र्यांनी जंगली प्राण्याचा पाठलाग करून शिकार करण्यावर, हंटिंग अ‍ॅक्ट २००४, जो १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला, आणि तोही फक्त इंग्लंड आणि वेल्समधे. स्कॉटलंडने आपला वेगळा कायदा २००२ मधेच केला होता आणि २०२३ मधे तो आणखी कडक केला, उत्तर आयर्लंडमधे अशी बंदीच नाही. शेतकऱ्याला बंदुकीने कोल्हा मारायची मोकळीक तेव्हाही होती, आजही आहे, आणि मेंढ्या व्यायच्या दिवसात ते मारतातही. म्हणजे भांडण कोल्हा मारावा की नाही हे नव्हतंच, कसा मारावा आणि मजा म्हणून मारावा का हे होतं.

आता हे मेल्टन मोब्रे म्हणजे या शिकारीची पंढरीच म्हणा ना. क्वॉर्न, कॉट्समोर आणि बेल्व्हॉर (लिहितात असं, म्हणतात मात्र बीव्हर) अशा तीन मोठ्या हंटच्या (हंट म्हणजे शिकारीचा संघ, स्वतःची कुत्री आणि ठरलेला मुलूख असलेला) हद्दी इथे येऊन मिळतात. अठराव्या शतकात क्वॉर्नच्या ह्यूगो मेनेल नावाच्या जमीनदाराने जास्त वेगाने पळणारी हाउंड कुत्री तयार केली आणि शिकारीचं रूपच बदललं, मग घोडा भरधाव सोडून कुंपणांवरून उड्या मारत जायचं हीच मुख्य गंमत झाली. एकोणिसाव्या शतकात लंडनचे श्रीमंत लोक हिवाळाभर मेल्टनला येऊन राहायचे, एकेकाचे कितीतरी घोडे इथल्या तबेल्यात असायचे. हे मुद्दाम सांगते कारण लेखात 'खेड्याची परंपरा' असं लिहिलंय, पण पैसा बऱ्याचदा बाहेरचा, जमीन मोठ्या इस्टेटीची, आणि खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला त्यातली चाकरी. अर्थात ती चाकरी सुद्धा खरी होती आणि तिचं प्रेमही खरं होतं, त्यावर पुढे येते.

शिकार व्हायची कशी ते लेखात दोन ओळीत उरकलंय. आदल्या रात्री किंवा पहाटे माणसं जाऊन कोल्ह्याची बिळं बुजवून ठेवायची, का तर तो परत आत जाऊ नये म्हणून. मग सकाळी मीट म्हणजे सगळ्यांनी एका ठिकाणी जमायचं, लाल कोट, पोर्ट वाइनचे छोटे ग्लास, आणि पंधरा-वीस जोड्या कुत्री (हाउंड जोडीनेच मोजतात), हंट्समन शिंग वाजवतो, व्हिपर-इन कुत्री आवरतो. कोल्हा निघाला की पाठलाग, कधी कधी तासभरसुद्धा. कुठे बिळात घुसलाच तर टेरिअर कुत्रं आत सोडून खणून काढायचा. ऑगस्टपासून कोवळ्या पिल्लांवर नवीन कुत्र्यांना सराव द्यायचे ते वेगळंच. सरकारने नेमलेल्या लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने २००० साली रिपोर्ट दिला, त्यात रजिस्टर्ड हंट वर्षाला २१ ते २५ हजार कोल्हे मारतात असा अंदाज होता आणि या पाठलागाने कोल्ह्याचे गंभीर हाल होतात असा अर्थ निघेल असंच मत होतं. पुढच्याच वर्षी लाळ-खुरकतीची साथ आली आणि शिकार कित्येक महिने बंद राहिली, त्या काळात संशोधकांनी मोजणी केली तर कोल्हे काही वाढलेले नव्हते. म्हणजे 'आम्ही कोल्हे आटोक्यात ठेवतो' हा दावा निदान सपाट मुलुखात तरी फारसा टिकत नाही.

आता गावाचं मत. माझ्या पेशंटची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण एक आजोबा आहेत, तीस वर्षं हंटच्या केनेलमधे (कुत्री ठेवायच्या जागेत) काम केलं, कुत्र्यांना खाऊ घालणं, धुणं, आजारपण काढणं. राहतं घर नोकरीसोबतचं होतं, नोकरी गेली की घर गेलं. ते सांगतात २००५ च्या त्या फेब्रुवारीत रात्र-रात्र झोप नाही लागली, टीव्हीवर लोक ओरडत होते कोल्हा कोल्हा, पण माझ्या डोक्यावरच्या छपराचं कोणी बोलेना. शेवटी बहुतेक हंट कशाबशा चालू राहिल्या आणि त्यांचं घर वाचलं. भिंतीवर सगळे फोटो कुत्र्यांचे आहेत, घोड्यावरच्या साहेबांचा एकही नाही. प्रत्येक कुत्र्याचं नाव, आईचं नाव, आजीचं नाव तोंडपाठ, आमचे आण्णा, म्हणजे वडील, बैलांची सांगायचे तसंच.

त्यांच्यापासून मैलभरावर एक मेंढपाळ शेतकरी आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेली. जन्मभर गावात, लंडनला दोनदाच गेलेले. ते हंटचं नाव काढलं की लाल होतात. एका वर्षी गाभण मेंढ्यांच्या कळपातून सगळी कुत्री आणि घोडे गेले, मेंढ्या बिथरून कुंपणात अडकल्या आणि काही गाभडल्या. त्यांनी हंटला कळवलं की पुन्हा माझ्या शिवारात पाऊल टाकायचं नाही, तेव्हा पबमधे लोक बोलेनासे झाले. शेजारचा शेतकरी हळूच येऊन म्हणाला तू बोललास ते बरं केलंस, मला बोलता येत नाही, माझी जमीन कुळाने आहे आणि मालक स्वतः घोड्यावर असतो. आणि हे आजोबा काही कोल्ह्याचे कैवारी नाहीत हां, मेंढ्या व्यायच्या दिवसात स्वतः बंदूक घेऊन रात्री जागतात. एक गोळी आणि संपलं, म्हणतात, त्यासाठी तासभर पळवायची गरज नाही.

सांगा आता, या दोघांपैकी गाव कोण?

त्यातही गुंते आहेत. ज्या शेतकऱ्याला हंटचे घोडे नको असायचे त्यालाच मेलेलं वासरू किंवा मेंढी उचलून न्यायला हंटची गाडी हवी असायची, कारण केनेलमधे कुत्र्यांना ते मांस चालायचं आणि शेतकऱ्याचं काम कमी पैशात व्हायचं. २००३ नंतर मेलेलं जनावर शेतात पुरायलाही बंदी आली, तेव्हा तर ही सोय जास्तच लागायला लागली. आमच्या गावाबाहेर जी छोटी झाडी आहे तिला नकाशावर फॉक्स कव्हर्ट लिहिलंय, अशा झाड्या मुद्दाम कोल्ह्यांना आसरा म्हणून लावल्या, राखल्या, त्या शिकारीसाठीच. आज तिथे ब्लूबेल फुलतात आणि मी चालायला जाते, ते कोणामुळे हे मला नाकारता येत नाही. एका घरात आई बागेत कोल्ह्याला खायला ठेवते आणि लेक हंटसोबत घोडा पळवते, ख्रिसमसला जेवणाच्या टेबलावर तो विषयच काढायचा नाही असं ठरलेलं आहे.

माझी एक सहकारी वेल्समधली, तिच्या वडिलांच्या डोंगरात मेंढ्या. ती म्हणते आमच्याकडे ना लाल कोट, ना घोडे. सगळे शेतकरी पायी, कुत्र्यांनी जंगलातून कोल्हा बाहेर काढायचा आणि बंदूकवाल्यांनी टिपायचा. कायद्याने आता दोनच कुत्री वापरता येतात, आणि दाट लावलेल्या सूचिपर्णी जंगलात दोन कुत्र्यांनी काय होणार असं तिच्या वडिलांचं म्हणणं. बर्न्स समितीनेही डोंगराळ भागाची गरज सपाटीपेक्षा वेगळी असल्याचं म्हटलं होतं, तरी कायदा दोघांना एकच लागला. हे म्हणणं मला पटतं.

आणि आता बैलगाडा. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा शर्यत बंदीचा निकाल आला तेव्हा मी इथेच होते, आण्णा फोनवर नीट बोलले नाहीत. दोन वर्षं वाट बघून बैल विकले. शेजारपाजारचे, पुढारी, सगळे म्हणायचे गावावर अन्याय झाला. पण आईला कोणी विचारलं होतं? आई मला फोनवर म्हणाली बरं झालं बाई, बैलांना दूध-अंडी आणि पोरांच्या फीला पैसे नाहीत, असं किती वर्षं. आमच्या एका घरात दोन मतं होती आणि पेपरात छापून आलं 'गावकऱ्यांचा संताप'. शर्यतीच्या घाटात बारी सुटताना भिर्रर्र ऐकलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो, ते खोटं नाही. आणि बैलाला खिळ्याची काठी टोचताना, बॅटरीचा शॉक देताना मी लहानपणी बघितलंय, तेही खोटं नाही. डिसेंबर २०२१ मधे कोर्टाने अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मधे घटनापीठाने शर्यतीला परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला, त्या अटी पाळल्या जात असतील तर मला आनंदच आहे. पण शर्यत झाल्यावर बैल घरी येतो, अंगावरून हात फिरवून त्याला वैरण टाकतात. हंटमधे यशस्वी दिवस म्हणजे कोल्ह्याचा मृत्यू. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका.

तुलना करायचीच तर दुसरी करा. २२ सप्टेंबर २००२ ला शिकारीच्या बाजूने लंडनमधे चार लाख माणसं चालली, संसदेच्या सभागृहात आंदोलक घुसले, तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी पुढे या बंदीचा पस्तावा झाल्याचं स्वतः लिहिलं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा फासेपारध्यांचं काय झालं? तित्तर, लाव्हे, ससे धरणं हा त्यांचा छंद नव्हता, ते पोट होतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली अशा कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता, तो पुसला जायच्या आत पोटाचं साधनही गेलं. माझ्या लहानपणी गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्या पारधी बाया भाकरी मागायला यायच्या तेव्हा आम्हाला दार लावून घ्यायला सांगायचे. त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. कायदा चूक होता असं मी म्हणत नाही, पण बंदीने कोणाचं काय गेलं हे मोजताना लाल कोटवाल्यांचं दुःख पानभर आणि पारध्यांचं एका ओळीतही नाही, हे मला फार लागलं.

इथली आजची परिस्थिती अशी की हंट बंद झाल्याच नाहीत. ट्रेल हंटिंग म्हणून आधी वास लावलेलं फडकं ओढत नेतात आणि कुत्री त्या मागावर सोडतात, वास बऱ्याचदा कोल्ह्याच्या मुताचाच, मग वाटेत खरा कोल्हा निघाला तर कुत्र्यांना काय कळणार. दर २६ डिसेंबरला मीट भरतात, एका बाजूला टाळ्या वाजवणारी कुटुंबं, दुसऱ्या बाजूला बोर्ड घेतलेले विरोधक, आणि त्यातले कितीतरी विरोधक त्याच किंवा शेजारच्या गावातले असतात, ते काही लंडनहून बस करून आलेले नसतात. जुन्या वास्तू आणि जमिनी राखणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२१ मधे आपल्या जमिनीवर ट्रेल हंटिंगला परवानगी देणं बंद केलं, लेबर पार्टीने २०२४ च्या जाहीरनाम्यात ट्रेल हंटिंगवरही बंदीचं वचन दिलं.

मला ती बंदी हवी आहे, स्पष्ट सांगते. पळून दमलेल्या जिवाला कळपाने फाडणं याला माझ्या दृष्टीने कुठलाच बचाव नाही. पण या वेळी कायदा लिहिणाऱ्यांनी आधी केनेलमधे यावं. इतक्या हाउंड कुत्र्यांचं पुढे काय, नोकरीसोबतच्या घरात राहणाऱ्यांना घर सोडायला किती मुदत, मेलेली जनावरं कोण आणि किती पैशात उचलणार, वेल्सच्या डोंगरातल्या मेंढपाळाला किती कुत्री, हे कायद्यात किंवा कायद्यासोबत लिहिलेलं हवं. मी आमच्या खासदारांना हेच पत्र इंग्रजीत पाठवलंय, केनेलवाल्या आजोबांनी त्यावर सही केली आणि मेंढीवाल्या आजोबांनीही केली.

आपली एक वाचक,
मूळ जुन्नर तालुका, सध्या लेस्टरशायर