व्हिएन्नाच्या काकांना, आजोबांच्या ट्रंकेतल्या त्या क्रॉसबद्दल

प्रिय काका,

सा. न. वि. वि. तुम्ही आधीच बजावलंत की नाव लिहायचं नाही, फोटो टाकायचा नाही, म्हणून नुसतं काका लिहितोय, पण हे पत्र सगळ्यांसमोरच लिहायचं होतं कारण आमच्या घरात ती वस्तू ज्या नावाने पन्नास वर्षं ओळखली जायची ते नावही सगळ्यांसमोरच घेतलं गेलं होतं.

साताऱ्याजवळच्या आमच्या घरी आजोबांची पत्र्याची काळी ट्रंक आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, ज्या बटालियनच्या यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याच बटालियनमध्ये. ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज बुक, दोन ब्रिटिश मेडल्स, आणि एका रुमालात गुंडाळलेला एक राखाडी क्रॉस. तो क्रॉस म्हणजे "हिटलरचं मेडल". आजोबांनी जर्मन ऑफिसरच्या छातीवरून काढून आणलं असं घरचे थोरले काका, आत्या, चुलतभाऊ सगळे सांगायचे, मीही शाळेत सांगितलंय. आजोबा स्वतः असं कधी बोलल्याचं मात्र कुणालाच आठवत नाही, हे माझ्या लक्षात आलं ते तुम्ही विचारल्यावर.

नोकरीसाठी व्हिएन्नाला आलो तेव्हा आईने तो क्रॉस माझ्याकडे दिला, "तिकडे कुणाला तरी दाखव" म्हणाली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणीतरी तुमच्याकडे बोट दाखवलं, की हे काका चाळीस वर्षं जुने युनिफॉर्म आणि मेडल्स जमवतात. मी खिशातून रुमाल काढून म्हणालो, आयर्न क्रॉस आहे, जर्मन सैन्याचं शौर्यपदक. तुम्ही काहीच बोलला नाहीत. घरी बोलावलंत, फ्रिजवरचा लोहचुंबक काढलात, तुमच्याकडचा १९१४ चा प्रशियन, म्हणजे जर्मन, आयर्न क्रॉस आणि माझा क्रॉस टेबलावर शेजारी ठेवलात, आणि चुंबक माझ्याच हातात दिलात. तुमच्या क्रॉसला तो टचकन चिकटला, कारण त्याचा मधला काळा भाग लोखंडी आणि भोवती चांदीची चौकट. माझ्या क्रॉसवरून घसरून पडला. जस्त. मग भिंग दिलंत आणि म्हणालात, "आता वाच, मी सांगणार नाही."

एक एक अक्षर लावत लॅटिन वाचलं. ग्राती प्रिन्सेप्स एत पात्रिया. कृतज्ञ राजा आणि मायभूमी. मागच्या बाजूला दोन मुकुट, एक ऑस्ट्रियाचा एक हंगेरीचा, वितम एत सांग्विनेम म्हणजे प्राण आणि रक्त, आणि रोमन आकड्यांत १९१६. कार्ल ट्रुपेनक्रॉइत्स, सम्राट कार्लच्या सैनिकांचा क्रॉस! ऑस्ट्रिया-हंगेरीचा म्हातारा सम्राट फ्रान्झ योझेफ २१ नोव्हेंबर १९१६ ला गेला आणि नव्या सम्राट कार्लने १३ डिसेंबरला हा क्रॉस सुरू केला, आघाडीवर बारा आठवडे काढलेल्या आणि लढाईत उतरलेल्या कुणालाही, शिपाई असो की जनरल. साडेसहा लाखांच्या आसपास वाटले गेले. युद्धात चांगला धातू उरला नव्हता म्हणून जस्ताचा. म्हणजे हिटलरशी, नाझींशी याचा काडीचा संबंध नाही, हा क्रॉस आधीच्या महायुद्धातला, आणि तो ज्याला मिळाला तो कुणी बोहेमियाचा शेतकरी असेल नाहीतर टिरोलचा गवंडी.

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी वाईट वाटलं. पन्नास वर्षांची घरातली गोष्ट गेली असं वाटलं. ते तुम्हाला दिसलं, आणि तुम्ही तुमची लाल कापडी बांधणीची वही काढलीत, त्यात प्रत्येक वस्तूसमोर रकाने, काय आहे, धातू, शिक्का, कुणाकडून घेतलं, आणि शेवटचा रकाना "कुठून आलं". त्या रकान्यात पानोपानी तुमच्या अक्षरात "माहीत नाही" लिहिलेलं. माझ्या क्रॉससाठीही तुम्ही मला एका कागदावर तसंच लिहायला लावलंत: इटली, १९४४ किंवा नंतर, सैनिकाच्या ट्रंकेतून, कसं मिळालं माहीत नाही. आणि म्हणालात, आता ही वस्तू खरी झाली. काका, हे वाक्य मी अजून मनात घेऊन फिरतोय.

त्यानंतर जे शिकवलंत त्याचे आभार कसे मानू. नाशमार्क्टच्या शनिवारच्या जुन्या बाजारात मी उत्साहात एक "चांदीचं" शौर्यपदक घेतलं होतं, कार्लच्या काळातलं, मागे फोर्तितुदिनी, म्हणजे शौर्यासाठी, लिहिलेलं, पैसे चांदीचेच मोजले. तुम्ही फक्त विचारलंत, कडा बघितलीस का? मी तोंड बघितलं होतं, पाठ बघितली होती, कडा कोण बघतं. कडेवर मोहरीएवढ्या अक्षरांत उनएडेल ठोकलेलं, म्हणजे मौल्यवान धातू नव्हे. तेव्हापासून कुठलंही मेडल हातात घेतलं की आधी कडेवरून नख फिरवतो. फितीवर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारायचा, आजकालचा धागा निळा-पांढरा चमकतो, जुना सुती चमकत नाही. कोट उलटा करून अस्तर बघायचं, डेपोचा शिक्का, मापाचे आकडे, काखेतला घाम. "खोटा कोट करणारा बाहेरून शिवतो, खरा माणूस आतून घालतो," हे तुमचंच.

आणि ते रंग! सम्राटाच्या पायदळाच्या शंभरावर रेजिमेंट, सगळ्यांचा कोट गडद निळा, ओळखायचं कशावरून तर कॉलर आणि कफच्या रंगावरून आणि बटण पिवळं की पांढरं यावरून. व्हिएन्नाची ४ नंबरची डॉइचमाइस्टर रेजिमेंट आकाशी आणि पिवळं बटण, हे सोपं. पण लालच किती प्रकारचे, मला सगळे सारखेच दिसायचे. मग काकू आतून साड्या घेऊन आल्या. हा कुंकवाचा, हा डाळिंबी, हा आमसुली, आणि हा किरमिजी, ज्याला इथे कार्मेसिन म्हणतात, आणि दोन्ही शब्द एकाच किड्याच्या, किर्मिझच्या नावावरून आलेत, अरबी-फारसीतून एक आपल्याकडे आला एक यांच्याकडे. एका दुपारीत शिकलो. पुढे १९०८ पासून मैदानी गणवेश राखाडी-निळसर झाला, हेख्टग्राउ, पाइक माशाचा रंग, तरी घोडदळ १९१४ ला लाल विजारीतच रशियाविरुद्धच्या आघाडीवर, गॅलिसियात उतरलं, आणि ते सांगताना तुमचा आवाज बसला होता.

इथल्या आर्सेनालच्या लष्करी संग्रहालयात युवराज फ्रान्झ फर्डिनांडच्या निळसर कोटासमोर आपण वीस मिनिटं उभे होतो. २८ जून १९१४, सारायेवोत त्याला गोळी घातली तो दिवस. लोक त्याच्या त्या दिवशीच्या गाडीचे फोटो काढून पुढे जात होते, तुम्ही मला कात्रीने कापलेली कड दाखवत होतात, त्याला वाचवायला कुणीतरी घाईने कापलेली. तुम्ही १९१८ नंतरचं काहीच जमवत नाही, कितीही स्वस्त मिळालं, कुणी फुकट दिलं तरी घरात घेत नाही, याचं कारण मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी विचारावंसं वाटलंही नाही.

क्रीग्सआर्खीवमधला, म्हणजे इथल्या युद्धदप्तरखान्यातला, पहिला दिवसही विसरणार नाही. शौर्यपदकाचा हाताने लिहिलेला अर्ज, कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत, मला एक शब्द लागेना. तुम्ही म्हणालात, घाबरू नको, मोडीच आहे ही. वडिलांची वतनाची कागदं लहानपणी मोडीत वाचलेला माणूसच हे म्हणू शकतो. हात कुठे वळतो ते बघ, अक्षर नको बघू, म्हणालात. त्यांचा ए एन सारखाच, आणि यू ओळखायचा तर डोक्यावर छोटा बाक. तासाभरात मी "पाऊस" आणि "पूल" वाचले आणि तुम्ही रीडिंग रूममध्येच माझी पाठ थोपटलीत. प्रशियन सैन्याचं दप्तर १४ एप्रिल १९४५ च्या पॉट्सडॅमच्या बॉम्बहल्ल्यात जळालं, त्या सैनिकांचा असा माग आता बहुतेक लागत नाही, म्हणून हे उरलेले कागद तुम्ही किती हळू उलटता ते मी बघितलंय.

शेवटचं, काकूंसाठी. क्रॉसला फीत नव्हती. तुमच्या डब्यातली त्या काळातली लाल फीत, कडेला लाल-पांढऱ्या बारीक रेघा, ती तुम्ही दिलीत, पैसे घेतले नाहीत. ऑस्ट्रियन फीत त्रिकोणात दुमडतात, माझ्या हातून चारदा बिघडली. काकूंनी चष्मा लावला, पट्टी मांडीवर घेतली आणि गोविंदविडा बांधावा तशी दोन घड्यांत बसवली, मागून एक टाका. तो टाका मी दाखवतो सगळ्यांना, नवा आहे आणि कुणी घातलाय ते त्या कागदावर लिहिलंय, तुमच्या शिस्तीप्रमाणे.

क्रॉस मेमध्ये गावी नेला. बैठकीत आजोबांच्या फोटोखाली आहे, शेजारी तो कागद. थोरले काका आधी चिडले, मग भिंग मागितलं आणि मागचे दोन मुकुट बराच वेळ बघत बसले. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये यशवंत घाडगेंचं सूर्यघडीचं स्मारक झालंय ते सांगितल्यावर त्यांनी पासपोर्टची चौकशी सुरू केलीय. आले तर तुम्हाला भेटवणारच.

आईने काकूंसाठी मेतकूट आणि तुमच्यासाठी कंदी पेढे दिलेत, रविवारी तीनला घेऊन येतो. त्या बव्हेरियन कोटाच्या अस्तरातला शिक्का अजून लागलेला नाही, टॉर्च मी आणतो, भिंग तुमचं.

तुमचाच,
साताऱ्याचा क्रॉसवाला