घाटातला काटा आणि तुझी नवी गाडी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. जुनी का होईना, स्वतःची गाडी दारात आली, याचा फार आनंद झाला. डॅशबोर्डवरच्या इतक्या दिव्यांपैकी कोणते मनावर घ्यायचे, असे तू विचारले आहेस. हाच प्रश्न मी वेळेवर कुणाला विचारला असता, तर गेल्या मे महिन्यात कुंभार्ली घाटात माझी फजिती झाली नसती.

पोफळी मागे टाकून आम्ही चढाला लागलो होतो. गाडीत पाच माणसे, टपावर सामान आणि एसी चालू. तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकताना मला दिसत होता, पण माथा गाठला की उतरेल, अशा समजुतीने मी गाडी रेटत राहिलो. काटा लाल पट्टीला टेकला, तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मी फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवणार, इतक्यात मागे थांबलेल्या एका ट्रकचालकाने माझे मनगटच धरले. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होऊन दाब सुटला की तेच पाणी क्षणात उसळून तोंडावर येते. इंजिन निवेपर्यंत पाऊण तास आम्ही कठड्यावर बसून होतो. दोष निघाला तो होसपाइपच्या बोटभर चिरेचा. कूलंटच्या टाकीत मी कित्येक महिन्यांत डोकावलो नव्हतो, हे घरी अजून सांगितलेले नाही.

तुझ्या गाडीला हा काटा आहे का, ते पाहा. हल्ली बऱ्याच गाड्यांत तो नसतो. इंजिन थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल, एवढाच दिवा असतो. मला ही काटकसर मुळीच पटत नाही, कारण काटा आधी सुचवतो आणि दिवा उशिरा ओरडतो.

तेलाच्या कॅनचे लाल चित्र चालत्या गाडीत उजळले, तर पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ, असे म्हणू नकोस. गाडी कडेला घेऊन इंजिन तिथेच बंद कर. तो दिवा तेलाचा दाब कमी झाल्याचा असतो, आणि दाबाविना इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. पिवळ्या दिव्यांना सहसा थोडी सवड असते. टायरमधली हवा मात्र गाडी थंड असतानाच तपास. आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो.

आता इंधनाचे. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर 'दोन हजार पूर्ण करा' म्हणण्याची आपली सवय सोडून दे, कारण उन्हात पेट्रोल प्रसरण पावते आणि टाकीत त्याला जागा लागते. डिकीत बाटलीभर पेट्रोल ठेवणे तर निव्वळ वेडेपणा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहते, आणि पेटायला एक ठिणगी पुरते.

तुझी गाडी सीएनजीवरही चालते, म्हणून पेट्रोल रिझर्व्हवरच ठेवण्याचा मोह तुला होईल. तो टाळ, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. सीएनजी सुमारे 200 बार दाबाने भरतात, तेव्हा वहिनींना आणि मुलांना आधी खाली उतरव. सिलिंडरची चाचणी दर 3 वर्षांनी करावी लागते. तिची तारीख असलेली पट्टी शोध आणि काय लिहिले आहे ते मला उलट टपाली कळव.

तुझा,
सुधीर