पालकमंत्री साहेब, तो गाळ रिकामा नाही

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा, यांस
स. न. वि. वि.

उजनीवर जलपर्यटन आणायचं, हिपरगा तलावाचं सुशोभीकरण करायचं, अशा चर्चा जिल्ह्यात सुरूच असतात. आमचा विरोध नाही. लोक पाण्यावर यायलाच हवेत. फक्त आराखडा पक्का होण्याआधी पाणी आणि जमिनीच्या मधल्या चिखलाच्या पट्ट्याकडे एकदा बघा.

पाणी उतरू लागलं की काठाचा गाळ उघडा पडतो. कागदोपत्री ती मोकळी जागा. त्या गाळात अळ्या, किडे, गोगलगायी असतात आणि त्यांच्यासाठी पार उत्तरेकडून पाहुणे पक्षी येतात. छोटा टिलवा चिमणीएवढा, वजन तीसेक ग्रॅम. पिलं वाढवतो आर्क्टिकच्या टुंड्रात आणि थंडी काढायला येतो आपल्याकडे. पाणटिवळा लांब चोच पार डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो. चोचींची लांबी वेगवेगळी, त्यामुळे एकाच गाळावर सगळ्यांची पंगत बसते, भांडण नाही.

परतीच्या प्रवासाआधी या पक्ष्यांना अंगावर चरबी चढवावी लागते, तीच त्यांची शिदोरी. थवा एकदा उठवला की खायचा वेळ जातो, वर साठवलेलं खर्च होतं. रोज असंच चाललं तर ते जागाच सोडतात. शिकाऱ्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पण रील काढायला थव्यात मोटारसायकल घालणाऱ्या पोराला आपलं काही चुकतंय हेच माहीत नसतं. त्याला कलम कशाला लावायचं? कुणीतरी नीट सांगितलं की पुरतं.

ते सांगायचं काम आम्ही काही जण थंडीत रविवारी हिपरग्यावर करतो. १८७१ चा हा तलाव तुळजापूर रस्त्याला लागून. कोजागरीला पायी निघालेले भाविक, पुढं आसपासच्या हुरडा पार्ट्या, त्यांच्यामागं कुत्री. गर्दीचा आणि पक्ष्यांचा हंगाम एकच. मागं एक काका म्हणाले, "काय बघताव ओ, नुस्ता गाळ हाय की." त्यांना टेलिस्कोप लावून दिला. भिंगात शेकाट्या आला, लांबलचक लाल पायांवर तोल सावरत. काका बराच वेळ हलले नाहीत. मग नातवाला दटावलं, "आरडू नको बे, उडतील."

सगळेच काका असे नसतात. "तुम्ही कोण सांगणारे?" हेही ऐकावं लागतं, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ऑक्टोबर ते मार्च काठावर थांबणाऱ्या स्वयंसेवकांना वन विभागाच्या सहीशिक्क्याचं ओळखपत्र द्या आणि अडचणीला फोन उचलणारा एक वनरक्षक. जिल्हा नियोजन समितीतून दोन-चार टेलिस्कोप निघाले तर उत्तम. फलक लावायचेच तर मराठीबरोबर कन्नडमध्येही लावा, या रस्त्यानं सीमेपलीकडचे भाविकही चालतात. उजनीत पर्यटकांची बोट उतरवण्याआधी नावाड्यांचं प्रशिक्षण घ्या: थव्याच्या किती जवळ जायचं, इंजिन कधी बंद करायचं. पलीकडे भिगवण-कुंभारगावच्या मच्छीमारांना रोहित पक्ष्यांमुळे रोजगार मिळालाच आहे. कोकणात वेळासच्या गावकऱ्यांनी समुद्री कासवांची घरटी राखली, ती बघायला आज लोक दुरून येतात. मग आपल्या कोळी बांधवांना का जमू नये?

आणि सुशोभीकरणात काठ दगडानं बांधून काढू नका, एवढं मात्र हात जोडून. पेव्हर ब्लॉकवर टिलवा उतरत नाही. उन्हाळ्यात टिटवी आणि आर्ली उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. मातीच्याच रंगाची, चाकाखाली गेली तरी कळत नाहीत.

एखाद्या रविवारी हिपरग्यावर या. सकाळी सातच्या आत आलात तर बरं, आणि गाड्यांचा ताफा तेवढा रस्त्यावरच थांबवा. टेलिस्कोप आम्ही आणतो.

आपला,
हिपरग्याच्या काठावरचा एक स्वयंसेवक, सोलापूर