‘गृहिणी’ लिहून मोकळे होऊ नका

संपादक महोदय,

दिवाळी झाली की भूगोल, समाजशास्त्र, समाजकार्याचे एम.ए. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, सावनेर, मौदा, कुहीकडच्या गावांत प्रश्नावल्या घेऊन निघतात. त्यांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण ‘ग्रामीण विकासात स्त्रियांचा सहभाग’ अशा विषयाच्या प्रबंधातही दिवसभर शेतात राबणारी बाई व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ म्हणून उतरते, हे खटकते. चूक विद्यार्थ्याच्या हेतूत नाही, प्रश्नावलीत आहे.

सकाळची एसटी धरून विद्यार्थी अकराच्या सुमारास गावात पोचतो. तेव्हा बाया कापूस वेचणीला गेलेल्या असतात. सापडतात ते पारावरचे पुरुष. तेच ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून बायकोच्या नि सुनेच्या कामाची उत्तरे देतात. बायांना गाठायचे तर दुपारी शिदोरी सोडतात त्या वेळी बांधावर, नाहीतर संध्याकाळी कापूस वजनकाट्यावर चढतो तिथे. त्यासाठी गावात एक मुक्काम तरी हवा.

‘तुम्ही काम करता का?’ या प्रश्नाला ‘नाही जी, घरीच असते’ असेच उत्तर येते, कारण घरच्या वावरातल्या निंदणाला काम म्हणायची सवयच नाही. त्याऐवजी ‘काल उठल्यापासून काय काय केलं?’ असे विचारावे. पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ रकाने आखावेत. घड्याळातली वेळ विचारू नये. नळ कधी आला, शाळेची घंटा झाली होती का, शेवटची एसटी गेली होती का, यावरून ती बसवावी. शेजारी ‘सोबत आणखी काय’ हा रकाना असायलाच हवा. चुलीवर भात, मांडीवर लेकरू आणि पुढ्यात निवडायची तूर अशी तीन कामे एकाच वेळी चालू असतात. रकाना एकच असला की त्यातली दोन कागदावर येतच नाहीत. काल बाजार किंवा सण असेल तर तशी नोंद करून आणखी एक दिवस घ्यावा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात चोवीस तासांचा असाच हिशेब मांडला, तेव्हा विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जाताना दिसली, पुरुषांची ९७.

एकाच भेटीवर वर्षाचा निष्कर्ष काढणे तर सर्वांत घातक. सबमिशनच्या घाईत फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेचणी आटोपलेली असते, बाया पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) गोळा करून सरपण रचत असतात आणि ‘सध्या काम नाही’ असे सांगतात. मौद्याकडे धानाची रोवणी पावसाळ्यात, कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे. दोन्ही वेळा जावे. २०११ च्या जनगणनेत वर्षातून सहा महिने म्हणजे १८३ दिवस काम असेल तरच ‘मुख्य’ कामगार धरले गेले, त्याखाली ‘सीमांतिक’. म्हणून हंगामवार दिवस मोजणे गरजेचे. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, तिथे ‘रोज किती?’ हा प्रश्न चालत नाही. किलोचा दर, दिवसाला किती किलो आणि कितवी वेचणी, हे तिन्ही विचारावे. शेवटच्या वेचणीत तेवढ्याच वेळात हाती फार कमी कापूस येतो.

जमिनीच्या मालकीबाबत तोंडी उत्तरावर विसंबू नये. सातबाऱ्यावर भोगवटादार कोण, हे पाहावे आणि त्यामागचा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, हीही काढावी. वडील वारल्यावर बहिणींची नावे वारस म्हणून चढली आणि हक्कसोडपत्राने उतरली, हे तिथेच कळते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण गावात त्याचे काय झाले ते फेरफारातच दिसेल. हा प्रश्न दीर किंवा नवऱ्यासमोर मुळीच विचारू नये. उत्तर तर खोटे मिळतेच, शिवाय तुम्ही गेल्यावर घरात तिला ऐकून घ्यावे लागते.

सर्वेक्षण म्हटले की घरकुल किंवा कर्ज मिळणार असे लोकांना वाटते आणि जमीन कमी सांगितली जाते. हा अभ्यास आहे, यातून योजना मिळणार नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

मार्गदर्शकांना एक विनंती. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. प्रबंध विद्यापीठात जमा करण्याआधी त्यातली गावाची आकडेवारी तिथे मराठीत वाचून दाखवायला विद्यार्थ्याला पाठवा. मजुरीचा दर चुकला असेल, एखादे काम सुटले असेल, तर त्या बाया तिथल्या तिथे सांगतील.

– क्षेत्रकार्याशी संबंधित काही अध्यापक, नागपूर