थोरल्याची माया आणि सहा डोळ्यांचा तलवारबाज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी ॲनिमेवर आलेला लेख वाचला. ‘डीमन स्लेअर’विषयी त्यात असा निकाल दिला आहे की, या मालिकेत तलवारींचा खणखणाट आहे, रक्ताचे सडे आहेत आणि शेवटी इच्छाशक्तीच्या जोरावर सज्जनांचा विजय आहे. पहिल्या दोन गोष्टींविषयी माझा वाद नाही. तिसरे विधान मात्र ज्या लढाईला अजिबात लागू पडत नाही, ती सानेमी आणि गेन्या या शिनाझुगावा बंधूंची कोकुशिबो या राक्षसाशी झालेली लढाई या कथेतली सर्वांत महत्त्वाची लढाई आहे, असे मी मानतो. कोयोहारू गोतोगे यांची मूळ चित्रकथा २०१६ मध्ये सुरू झाली आणि मे २०२० मध्ये तेविसाव्या खंडापुरता मजकूर होऊन संपली, त्यामुळे पुढे लिहितो आहे त्यात गुपित असे काही उरलेले नाही. तरीही ज्यांना हा भाग पडद्यावरच पाहायचा आहे, त्यांनी हे पत्र इथेच सोडून द्यावे.

कथेचा काळ तैशो युगाचा, म्हणजे साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा. सानेमी हा सात भावंडांतला थोरला आणि गेन्या त्याच्या पाठचा. मारझोड करणारा बाप मेल्यावर आई आणि धाकटी भावंडे आपण दोघांनी मिळून सांभाळायची, असे या दोघांनी ठरवले होते. पण एका रात्री आई घरी परतली नाही. तिला शोधायला सानेमी बाहेर पडला आणि मागे दार फोडून जे आत शिरले, त्याने पाच लहानग्यांचा जीव घेतला. सानेमीने ते श्वापद बाहेर ओढून नेले, रात्रभर त्याच्याशी झुंज दिली आणि उजाडल्यावर त्याच्या हाती मेलेली आई आली. ती राक्षस झाली होती. चेहऱ्यावर जखम घेऊन धावत आलेल्या गेन्याने रस्त्यात पाहिले ते फक्त रक्ताने माखलेला भाऊ आणि आईचे प्रेत, आणि तो ‘खुनी’ म्हणून ओरडला. या एका शब्दाचे ओझे दोघेही पुढे अखेरपर्यंत वाहतात.

आपल्या लेखकाने सानेमीला ‘तापट, क्रूर पात्र’ म्हणून एका ओळीत निकालात काढले आहे. वरवर पाहता ते खरेही वाटेल. माफी मागण्यासाठी गेन्या राक्षससंहारक दलात भरती होतो, तेव्हा मला भाऊच नाही असे सांगून सानेमी त्याला झिडकारतो. दलाची तलवारबाजी ज्यांवर चालते ती श्वासाची तंत्रे जमत नाहीत म्हणून धाकटा राक्षसांचे मांस खाऊन ताकद मिळवतो आहे, हे कळताच तर तो थेट त्याचे डोळे फोडायला धावतो. कथेचा नायक तान्जिरो मध्ये पडतो म्हणून ते टळते. आंधळा झाला की दलात राहता येणार नाही, दलात नसला की राक्षसाच्या हातून मरणार नाही, असा हा हिशेब आहे. यात माया आहे हे मी नाकारत नाही, पण धाकट्याला स्वतःचे असे काही मत असू शकते, हे त्या मायेच्या गावीही नाही. मी स्वतः घरात शेंडेफळ आहे, त्यामुळे या बाबतीत माझे मत थोडे एकतर्फी असेल, हेही नोंदवून ठेवतो.

आता लढाईकडे येतो. कोकुशिबो हा राक्षसांचा मूळपुरुष मुझान याच्या ‘बारा चंद्र’ म्हणवल्या जाणाऱ्या बलाढ्य राक्षसांपैकी पहिल्या क्रमांकाचा, शेकडो वर्षे जगलेला तलवारबाज. चेहऱ्यावर सहा डोळे आणि हातातली तलवार स्वतःच्याच मांसातून घडवलेली, तिच्यावरही डोळे. चौदा वर्षांचा मुइचिरो हा दलाच्या आधारस्तंभांपैकी, म्हणजे सर्वोच्च तलवारबाजांपैकी एक, तरीही कोकुशिबो काही क्षणांत त्याचा हात तोडतो आणि त्याचीच तलवार खांद्यात खुपसून त्याला खांबाला टांगून ठेवतो. खांबाआडून गेन्या बंदूक झाडतो, पण पुढच्याच क्षणी कोकुशिबो त्याच्या पाठीशी उभा असतो आणि गेन्याचे धड कमरेतून दोन तुकडे होऊन जमिनीवर पडते. बरोबरीची लढत नाहीच ही. सानेमी येतो तो नेमका या क्षणी, आणि इतकी वर्षे न बोललेले त्याच्या तोंडून तिथे बाहेर पडते: तू कुठेतरी संसार थाटून, मुलाबाळांत म्हातारा होऊन जगायला हवे होतेस आणि मी त्या घराच्या आसपासही राक्षस फिरकू दिला नसता.

इथून पुढे इच्छाशक्तीचा चमत्कार होत नाही. सानेमीचे रक्त दुर्मीळ प्रकारचे, त्याच्या वासाने राक्षसांना झिंग चढते. पण कोकुशिबो झिंगूनही त्याला भारी पडतो आणि त्याचे पोट फाडतो. दलाचा आणखी एक आधारस्तंभ ग्योमेई हिमेजिमा साखळीला बांधलेला काटेरी गोळा आणि कुऱ्हाड घेऊन उतरतो, तेव्हा कुठे तोल थोडा सावरतो. तरीही निर्णायक फासा टाकतो तो लढाईतला सर्वांत दुबळा माणूस. दोन तुकडे होऊन पडलेला गेन्या मुइचिरोकडे कोकुशिबोचे कापले गेलेले केस मागतो, ते खातो आणि त्या ताकदीवर अशा गोळ्या झाडतो की, त्या अंगात शिरून मुळे धरतात आणि त्यांतून फुटलेले झाड त्या अजिंक्य तलवारबाजाला जागेवर खिळवून टाकते. एका हाताने मुइचिरो त्याच्या पोटात तलवार खुपसून धरतो. सुटण्यासाठी कोकुशिबोच्या अंगातून पाती फुटतात आणि त्यांत दोन्ही मुले चिरली जातात, पण तेवढ्या अवधीत ग्योमेई आणि सानेमी मिळून त्याचे मुंडके उडवतात. ज्या मांसभक्षणासाठी थोरला धाकट्याचे डोळे फोडायला निघाला होता, तेच नसते तर सानेमी त्या रात्री वाचला नसता. लेखकाने हे ताडले असते, तर ‘सज्जनांचा विजय’ हे शब्द वापरताना त्यांचा हात थोडा अडखळला असता, असे मला वाटते.

लेखातले ‘निव्वळ दुष्ट खलनायक’ हे कोकुशिबोचे वर्णन तर सरळ चूक आहे. माणूस असताना तो मिचिकात्सु होता, आणि योरीइची हा त्याचा जुळा धाकटा भाऊ. जुळे अशुभ मानले जात, म्हणून योरीइचीला वेगळ्या खोपटवजा खोलीत ठेवलेले असे. लहानगा मिचिकात्सु बापाचा मार खाऊनही त्याला भेटायला जाई. मदत लागली तर वाजव, दादा लगेच येईल, असे सांगून त्याने स्वतःच्या हाताने केलेली बासरी त्याला दिली होती. म्हणजे हाही पाठीराखा थोरलाच. धाकटा दुबळा आहे, अशी समजूत होती तोवर ही माया टिकली. सात वर्षांच्या योरीइचीने पहिल्यांदा लाकडी तलवार हाती धरून त्यांच्या शिक्षकालाच लोळवले आणि थोरल्याच्या मनात कीव होती तिथे मत्सर आला. त्या मत्सरापायी त्याने बायको-मुले, माणूसपण सगळे सोडले. म्हातारपणी उभ्या-उभ्या प्राण सोडलेल्या योरीइचीच्या देहावर त्याने तलवार चालवली, तेव्हा कपड्यातून तीच बासरी बाहेर पडली.

त्यामुळे या लढाईत एका बाजूला भावंडे आणि दुसऱ्या बाजूला राक्षस, अशी सोपी मांडणी होत नाही; दोन्ही बाजूंना थोरले भाऊच आहेत. सानेमीही मिचिकात्सुच्याच वाटेने चालला होता. फरक पडला तो गेन्या हट्टी निघाल्यामुळे आणि थोरल्याने मनातले शेवटी का होईना बोलून टाकल्यामुळे. मुंडके पुन्हा उगवल्यावर कोकुशिबोला सानेमीच्या तलवारीच्या पात्यात स्वतःचा चेहरा दिसतो आणि त्या विद्रूप प्रतिमेनेच तो आतून ढासळतो. कथा त्याला क्षमा करत नाही, पण त्याला हसण्यावारीही नेत नाही. मला हे फार मोलाचे वाटते.

गेन्या वाचत नाही. राक्षसाचे मांस खाल्ल्यामुळे त्याचा देह राक्षसासारखाच विरत जातो आणि सानेमी त्याला कवटाळून देवाची करुणा भाकत राहतो. लक्ष्मण शक्ती लागून पडल्यावरचा रामाचा विलाप ज्यांच्या कानांवर आहे, त्यांना हे दृश्य परके वाटू नये. मात्र इथे कोणी द्रोणागिरी आणून देत नाही.

राहिला प्रश्न हिंसेचा. धड कापले जाणे, आतडी बाहेर येणे असे प्रसंग असलेली कथा मी नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देणार नाही आणि लेखकाच्या त्या सूचनेशी सहमत आहे. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ‘त्यात काय आहे, नुसती कापाकापी’ असे म्हणून उडवून लावू नये. त्यांच्यातल्या अनेकांना मी वर लिहिले त्याहून अधिक तपशील तोंडपाठ असतात. कथेच्या अखेरच्या महालातील युद्धावरील तीन चित्रपटांपैकी पहिला २०२५ मध्ये आपल्याकडेही प्रदर्शित झाला. पुढील भागांचे परीक्षण छापाल, तेव्हा ते मूळ तेवीस खंड वाचलेल्या व्यक्तीकडून लिहून घ्यावे, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा