कट्ट्याचे वजन कोण बघणार?

महोदय,

जागतिक मणका दिनानिमित्त आपल्या कालच्या आरोग्य पुरवणीत आलेला पानभर लेख वाचला. चित्र छान होते. खुर्चीत ताठ बसलेला तरुण, डोळ्यांसमोर लॅपटॉप, गुडघे काटकोनात. दर अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, जड वस्तू उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाका. सगळे बरोबरच असणार. फक्त 'जड वस्तू' म्हणताना लेखकांच्या डोळ्यांसमोर काय होते, तेवढे कळायला हवे होते. तुळशीची कुंडी की गॅसची टाकी?

माझे थोरले बंधू जन्मभर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, हमाली करत होते. तिथे दोघे जण लोखंडी आकडा लावून कट्टा, म्हणजे धान्याचे भरलेले पोते, उचलतात, तिसऱ्याच्या पाठीवर देतात आणि तो फळीवरून ट्रकमध्ये चढून थप्पी रचतो. फळी पायाखाली हलत असते. अशा वेळी मान कशी ठेवावी, याचे चित्र पुरवणीत सापडले नाही.

कंबरदुखी हे जगात अपंगत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे आणि 2020 मध्ये सुमारे 62 कोटी लोकांना ती होती, हे आपणच छापले आहे. ज्या अभ्यासातून हा आकडा येतो, त्यात टाळता येण्याजोगी कारणे तीन सांगितली आहेत: कामाचे स्वरूप, धूम्रपान आणि लठ्ठपणा. आपल्या लेखकांनी सिगारेट उचलली, पोट उचलले, काम तेवढे जागच्या जागी ठेवले. जड असावे.

पूर्वी साखरेचे पोते 100 किलोचे असे. ते 50 वर आले ते कोणी भुजंगासन शिकवले म्हणून नव्हे. ओझे कमी करा म्हणून हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे घसा कोरडा केला, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत त्यात पुढे होती. एका माणसावर 55 किलोपेक्षा जास्त ओझे नको, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 सालीच केली होती आणि त्याच वर्षीच्या ओझ्याच्या कराराला भारताने 2010 मध्ये मान्यता दिली. घाई नको म्हणून 43 वर्षे घेतली असतील. युरियाची गोणी 2018 मध्ये 50 ची 45 किलोची झाली खरी, पण ती शेतकऱ्याने युरिया कमी टाकावा म्हणून. हमालाच्या पाठीला पाच किलोंचा फायदा झाला तो चुकून.

आता आमच्या मोंढ्यातली गंमत सांगतो. कट्टा म्हणायला 50 चा. सोयाबीनच्या हंगामात बारदाना, म्हणजे रिकामी पोती, कमी पडला की तोच कट्टा ठोकून ठोकून 62, 64 किलोचा भरतात. हमाली मात्र कट्ट्यामागे, किलोमागे नाही. म्हणजे वरचे बारा-चौदा किलो हमालाने फुकट वाहायचे. आणि हे चोरून चालत नाही. प्रत्येक कट्टा काट्यावर चढतो, तोलणार वजन ओरडतो, ते पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीवर, लिहिले जाते. 50 च्या वर कोणी, कधी, किती भरले याचा पुरावा रोज संध्याकाळी आडत्याच्या दुकानात फाइलला लागतो. निरीक्षकाला उन्हातही जायला नको, पंख्याखाली बसून पट्ट्या चाळल्या तरी भागेल. मणक्यांच्या आजाराबद्दल सरकारने काही करावे असे खरोखर वाटत असेल, तर सुरुवात इथून करा. शिबिरे नंतर घ्या.

दादाच्या कमरेचे काय झाले ते लिहिणार नव्हतो, पण लिहितो. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्याला तपासणीला नेले होते. बाकावर त्याला बसवत नाही, म्हणून गुडघ्यांवर हात टेकून भिंतीशी ओणवा उभा होता, काखेत एमआरआयचा लिफाफा. नंबर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "काका, वाका बघू." आणि हा वाकला! घरात खाली पडलेला चमचा उचलायला नातवाला हाक मारणारा माणूस साहेबांनी सांगितले म्हणून दात आवळून गुडघ्याच्या खाली हात नेऊन आला. जन्मभर 'वाक' म्हटल्यावर वाकायचीच सवय. मी म्हटले, "साहेब, रोज नाही जमत त्याला एवढे." तोवर त्यांनी लिहून टाकले होते, 30 टक्के. सवलती आणि योजना 40 पासून पुढे. बाहेर आल्यावर दादा मलाच म्हणाला, "वाकलो ना नीट?"

अंगावर थप्पी कोसळली तर तो अपघात, त्याची भरपाई मागता येते. तीच थप्पी वीस-पंचवीस वर्षे रचून मणका झिजला तर ते 'वय झाले'. कायद्यातल्या कामामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीत दगडाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. ओझ्याने गेलेली कंबर नाही. हमालांसाठी 1969 साली माथाडी कायदा केला म्हणून आपले राज्य अभिमानाने सांगत असते. त्या राज्याने तरी ही भर घालायला काय हरकत आहे?

आणि लेखाच्या बरोबर खाली चुंबकीय पट्ट्याची जाहिरात, एकावर एक मोफत! जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणायला आपल्याकडे करतात ते 'वजन लावणे', सरसकट करू नये असे तिच्यात आहे. भर आहे तो व्यायामावर आणि रोग्याला नीट समजावून सांगण्यावर. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट नाही. वजन लावायची खाट मात्र आहे. दादालाही लावले होते. आयुष्यभर वाहिले ते कमी पडले असावे.

जाता जाता गतिरोधकाबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे हळूहळू चढणारा आणि उतरणारा हवा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे तो उंबरठा आहे. दादाला दवाखान्यात नेताना रिक्षा अलीकडे थांबवायची, त्याला उतरवायचे, धरून पलीकडे न्यायचे आणि पुन्हा बसवायचे. याबद्दल मी पूर्वी आपल्याकडे पत्र पाठवले होते. आपण ते छापलेत, त्याबद्दल आभार. पण दादाचा सगळा मजकूर कापून वर शीर्षक दिलेत, 'वाहनचालकांना दिलासा हवा'. आमच्याकडे कुणाकडे वाहन नाही. या वेळी शीर्षक मीच लिहून पाठवले आहे, ते बदलू नये ही विनंती.

आपला,
एक वाचक, मराठवाडा