बंपर हा अँटेनाचाच भाग आहे

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचा मागचा बंपर पार्किंगमध्ये खरचटला. गॅरेजने पुट्टी भरून, वर चंदेरी रंगाचे थर देऊन तो नव्यासारखा करून दिला. तेव्हापासून शेजारी वाहन नसतानाही आरशातला इशाऱ्याचा दिवा लागतो आणि कधी दुचाकी अगदी लगत आली तरी लागत नाही. रेडिओ लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून शेजारचे वाहन ओळखणारा आणि हा दिवा लावणारा रडार बंपरच्या आत बसवलेला असतो. ‘रडारला आम्ही हातही लावलेला नाही,’ असे गॅरेजवाले सांगतात. ते खरे आहे आणि घोटाळा नेमका तिथेच आहे.

वाहनांतील आधुनिक रडार बहुधा ७७ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. त्या लहरीची लांबी हवेत ४ मिलिमीटरहून किंचित कमी असते. बंपरच्या प्लॅस्टिकमध्ये ती सुमारे अडीच मिलिमीटर होते. बंपरची जाडी या लांबीच्या निम्म्याच्या पटीत असेल, तर त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात आणि बहुतेक ऊर्जा पलीकडे जाते. म्हणूनच रडारसमोरचा बंपरचा तुकडा अँटेनाचा भाग मानून अभियंत्यांना त्याची जाडी, कल आणि रंगाचे थर ठरवावे लागतात. पुट्टीचा एक मिलिमीटर आपल्या नजरेत भरत नाही, पण या लहरीचे गणित तेवढ्याने बिघडते. चंदेरी रंगातील धातूचे कण परावर्तन आणखी वाढवतात आणि हे नुकसान लहर जाताना व परत येताना असे दोनदा होते.

पल्ला घटणे हा त्यातला सौम्य दोष म्हणायचा. प्रतिध्वनी शेजारशेजारच्या अँटेनांवर पोहोचताना पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून रडार दिशा ओळखतो आणि असमान थर तोच फरक विस्कटतो. पुढच्या रडारची दिशा एका अंशाने चुकली, तर १०० मीटरवरचे वाहन पावणेदोन मीटर बाजूला दिसते, म्हणजे महामार्गावरच्या साडेतीन मीटरच्या मार्गिकेत निम्मी मार्गिका! (दसऱ्याला बोधचिन्हावर झेंडूचा ओला हार घालणाऱ्यांनीही, त्यामागे रडार असल्यास, गाडी हलवण्यापूर्वी तो काढावा, पाणी या लहरी शोषून घेते.)

उत्पादकांनी बंपरच्या आतील बाजूस ‘येथे पुट्टी भरू नये’ अशी ठळक खूण करावी आणि दुरुस्तीनंतरच्या रडार तपासणीचा खर्च विम्याच्या दाव्यात धरला जावा, एवढीच मागणी आहे. माझा बंपर बदलून मिळण्याचा अर्ज मात्र ‘रंगकाम समाधानकारक आहे’ असा शेरा मारून परत आला आहे.

– एक वाचक, पुणे